चौथं कडवं

आधीच सांगते, या लिखाणात मी कुणाचंही नाव घेणार नाही. वडिलांचं नाही, त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचं नाही, आमच्या गावाचंही नाही. घेतलं तर आमच्या तालुक्यातले तुरेवाले आणि शक्तीवाले दोघंही फोन करकरून मला भंडावून सोडतील आणि इथे ओमानमध्ये बसून मला नवाच सामना लढवावा लागेल. बाकीच्यांसाठी एवढं पुरे की कोकणात शक्ती आणि तुरा असे गाणाऱ्यांचे दोन पक्ष असतात. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. मध्ये शाहीर आणि ढोलकीवाला बसतो, भोवती पायात चाळ बांधून पोरं फेर धरतात. माझे वडील तुऱ्याचे शाहीर होते. खाडीच्या दोन्ही काठांवर त्यांच्यासारखा गाणारा झाला नाही, असं म्हणणारी माणसं अजून जिवंत आहेत. गेल्या वर्षापर्यंत त्यात मीही होते.

वडिलांची शाळा चौथीपर्यंत. धंदा कौलं शाकारण्याचा. लोकांच्या छपरावर बसून ते पदं रचायचे आणि खाली घरधनीण कौलं मोजायची सोडून ऐकत राहायची. माईक नसताना त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. मुंबईतल्या आमच्या लोकांनी त्यांना मोठ्या सभागृहांत नेलं, फेटे बांधले, खांद्यावरून मिरवलं. एका कॅसेटवाल्याने त्यांना बोलावून घेतलं आणि रेकॉर्डिंगच्या वेळी सांगितलं की शेवटची छाप तेवढी कापा, वेळेत बसत नाही. छाप म्हणजे पदाच्या शेवटी गुरूचं, कवीचं आणि गावाचं नाव गुंफलेलं असतं ते. वडील उठले, चपला घातल्या आणि चालू लागले. कॅसेट निघालीच नाही. माणसाचं नाव कापून त्याचं गाणं विकता येणार नाही, हे त्यांचं वाक्य आमच्याकडे म्हणीसारखं वापरलं जायचं.

या माणसाने मला मात्र कधी गाऊ दिलं नाही. भावाला ढोलकी शिकवली, चुलतभावांना फेरात उभं केलं, आणि मी ओटीवर पाय ठेवला की आत जा म्हणून सांगितलं. बाईमाणसाचं तिथे काम नाही. मी आत गेले आणि दाराआडून सगळी पदं पाठ केली. भावाला आज त्यातली दहासुद्धा येत नाहीत. मला येतात, आणि याचा मला गर्व आहे. तो मी लपवत नाही.

आता माझं वय सत्तेचाळीस. नवऱ्याची नोकरी मस्कतला, म्हणून आम्ही माबेलात राहतो आणि मी रोज गाडी हाकत अल खौदला जाते. तिथे विद्यापीठाजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचं काम करते. गिऱ्हाइकं बहुतेक विद्यार्थी. दुकानाचा मालक, म्हणजे आमचा अर्बाब, भला माणूस आहे. आठवड्यातून एकदा येतो, खजूर ठेवतो, जातो.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस एक पन्नाशीचा माणूस दुकानात आला. एसीचे पत्र्याचे डक्ट बसवणाऱ्या टोळीचा फोरमन, हात पत्र्याने कापलेले. दूरचं चांगलं दिसतं, जवळचं वाचता येत नाही, अशी तक्रार. मी त्याच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली, भिंगं घातली आणि वाचायला कार्ड दिलं. कार्डावर इंग्रजी आणि अरबी. तो म्हणाला, हे वाचून मला काय करायचंय, मला माझी वही वाचायची आहे. खिशातून त्याने घडी पडलेली वही काढली, डोळ्यांसमोर धरली आणि मोठ्याने वाचू लागला.

पाण्या रं पाण्या, तुजी वाट कोन आखी,
डोंगर सोडलास, मागं कोन राखी?

हे माझ्या वडिलांचं सगळ्यात गाजलेलं पद. त्यांच्या मयताला लोकांनी हेच गायलं होतं. अल खौदमध्ये एका अनोळखी माणसाच्या तोंडून मी ते ऐकत होते. तो तीन कडवी वाचत गेला, मी भिंगं बदलायची विसरून उभी. आणि शेवटी छाप आली. ती वडिलांची नव्हती. शक्तीवाल्या वस्तादाची होती, म्हणजे ज्याच्याशी माझे वडील तीस वर्षं सामने लढले त्या माणसाची. शक्तीवाले या पदाच्या अर्थावरून भांडतात हे मी ऐकून होते, पण त्याला आपली छाप लावून गातात हे मला नवं होतं.

मी त्याच्या नाकावरची फ्रेम काढून घेतली. आता आठवलं की हसू येतं. तपासणी अर्धवट, माणूस डोळे मिचकावत बसलेला, आणि मी फ्रेम हातात धरून त्याला सांगतेय की हे गाणं चोरीचं आहे. तो तापला नाही, त्यानेच मी जास्त तापले. म्हणाला, "ताई, ह्ये गानं माज्या वस्तादांचं हाय. त्यांनी सोता माज्या कानात घातलंय." मी म्हटलं, माझ्या वडिलांच्या तोंडून मी ते पाळण्यात ऐकलंय. तुमचा वस्ताद म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. हे बोलायला नको होतं. त्याचा चेहरा उतरला, पण तो उठून गेला नाही. म्हणाला की दुकानात भांडण नको. आमची मंडळी दर शुक्रवारी सनय्यात जमतात, तिकडे या. सवाल-जबाबाने निकाल लावू. बर्काच्या वाटेवरच्या एका फार्मवर गणपतीनंतर आमचा कार्यक्रम आहे आणि तिथे हेच पद म्हणायचं ठरलंय. ज्याचं ठरेल त्याची छाप लागेल.

त्याला चष्मा मी बरोबर नंबरचा दिला. भांडण भांडणाच्या जागी.

सनय्या म्हणजे माबेलाची गॅरेजं आणि वर्कशॉपं असलेली वस्ती. शुक्रवारी दुपारी नवरा आणि तेरा वर्षांची मुलगी यांना घेऊन मी तिथे पोचले. नवरा घाटावरचा. त्याला या सगळ्यात काही कळत नाही, पण मी एकदा ठरवलं की अडवायचं नाही एवढं कळतं. मुलगी कंटाळली होती. तिचं मराठी इंग्रजीच्या काठीला धरून चालतं आणि आजोबा म्हणजे तिच्यासाठी भिंतीवरचा फेटा बांधलेला फोटो. एका सुतारी वर्कशॉपमध्ये प्लायवुडच्या थप्प्या बाजूला करून दहा-बारा माणसं बसली होती. कुणी प्लंबर, कुणी कुक, दोघं ड्रायव्हर. सगळे आमच्याच बाजूचे. मी आत शिरले तशी ती माणसं अवघडली. एकाने मला भिंतीकडची खुर्ची दाखवली. मी मध्ये, ढोलकीच्या शेजारी, सतरंजीवर जाऊन बसले.

आधी फोरमन गायला. तीन कडवी आणि तिसऱ्याच्या शेपटाला त्याच्या वस्तादाची छाप. चांगला गायला, खोटं कशाला बोलू. मग मी गायले. लोकांसमोर आयुष्यात पहिल्यांदा, आणि पहिल्या ओळीला आवाज फाटला. दुसऱ्या ओळीपासून तो बरोबर लागला. तीच तीन कडवी, शब्दाला शब्द, आणि शेवटी वडिलांची छाप. ढोलकीवाला थांबला.

मग कोपऱ्यात बसलेला म्हातारा कुक बोलला. त्याने विचारलं की हे पद तीनच कडव्यांचं कसं? आमच्याकडे पद चार कडव्यांचं असतं आणि छाप चौथ्यात येते. लंगडं पद कुणी शाहीर रचत नाही. इथे तर दोघांनीही छाप तिसऱ्याला चिकटवलेली. म्हणजे चौथं दोघांकडेही नाही.

हे इतकं उघड होतं, आणि मला चाळीस वर्षांत दिसलं नव्हतं. फोरमनलाही नाही. गाणं इतकं गाजलं होतं की ते लंगडतंय हे बघायला कुणी थांबलंच नव्हतं. फोरमनने मांडीवर हात मारला आणि सगळ्यांसमोर शब्द दिला की चौथं ज्याच्याकडे, गाणं त्याचं. मी म्हटलं, कबूल. माझ्या वडिलांच्या वह्या गावी ट्रंकेत आहेत आणि त्या उघडायला माझी आई बसली आहे. तिथल्या तिथे मी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. विजयाची एवढी खात्री मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. अक्षर येत नाही. मी सगळी हकिकत सांगितली, शक्तीवाल्याने बाबांचं पद चोरल्याचं जरा जोर देऊनच सांगितलं, आणि म्हटलं की शेजारच्या पोराकडून वह्या उघडून घे, त्यात पाण्याच्या पदाचं चौथं कडवं शोधायला सांग.

ती म्हणाली, "वहीत नाय मिळायचं."

मी विचारलं, का?

"ते त्येंनी लिवलंच नाय. गानं माजं हाय."

मला वाटलं म्हातारपणी तिला भ्रम झाला. मी दटावल्यासारखं काहीतरी बोलले. तिने मला पुरतं बोलू दिलं नाही आणि गायला लागली. माझ्या आईला मी कधी गाताना ऐकलं नव्हतं. देव्हाऱ्यापुढे पुटपुटताना ऐकलं होतं, तेवढंच. आवाज जुना, दम अपुरा, पण चाल ठाम होती. तीन कडवी झाली, ती थांबली नाही.

नाव लिवलं नवं त्येंनी तांदळाच्या ताटी,
जुनं नाव ऱ्हायलं माज्या डोंगराच्या पाठी.
पाण्या रं पाण्या, तू तरी सांग जाता जाता,
मागं वळून हाक मारू कुन्या नावानं आता?

लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो आणि त्या दिवसापासून जुनं नाव खलास. ते कडवं काय आहे हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. ड्रायव्हरांपैकी एकाने टोपी काढली. माझ्या वडिलांनी त्या पदाचा अर्थ जन्मभर आत्मा आणि परमात्मा असा सांगितला. शक्तीवाल्यांनी माया आणि पुरुष असा सांगितला. त्यावरून मारामाऱ्या झाल्या, एकदा पोलीस आले. आणि ते होतं माहेर सोडून निघालेल्या सतरा वर्षांच्या मुलीचं गाणं. परमात्म्याचा त्यात काही संबंध नव्हता.

पुढचं आईने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पहिली तीन कडवी तिने लग्नाआधी केली, गौरीच्या दिवसांत बायका फेर धरायच्या तेव्हा म्हणायला. तिचं माहेर डोंगरावरचं, आणि शक्तीचा वस्ताद त्याच वाडीतला. हे मला ठाऊक होतं, पण मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. त्याने अंगणाच्या कडेला बसून ती तीन कडवी उचलली. चौथं तिने लग्नानंतर केलं आणि नवऱ्याला म्हणून दाखवलं. वडिलांना पद आवडलं. चौथं मात्र सभेत चालायचं नाही म्हणाले, ते टाकलं आणि तिसऱ्याला आपली छाप लावली.

मी विचारलं, आणि तू लावू दिलीस? तर म्हणाली, "मला कुटला गुरू? मी कुनाची छाप लावनार व्हते?"

फोन ठेवल्यावर मी रडले नाही. मला राग आला होता, आणि तो फोरमनच्या वस्तादाचा नव्हता. चोर तो होताच, पण परका चोर. माझ्या वडिलांनी त्या गाण्यावर फेटे बांधून घेतले. छाप कापायला सांगितली म्हणून कॅसेटवाल्यासमोरून चपला घालून निघून आले, आणि घरी बायकोचं अख्खं कडवं कापून बसले होते. मी त्यांच्यावर प्रेम केलं, अजून करते. त्यांचा आवाज खराच मोठा होता आणि बाकीची पदं त्यांचीच आहेत, ती मी कुणाला हिरावू देणार नाही. पण या एका गाण्याबाबत माझे वडील चोर होते. हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं, दाराआडून वडिलांची पदं पाठ करताना माझ्या मागे चुलीपाशी बसलेल्या बाईकडे मी एकदाही वळून पाहिलं नाही. तो राग माझा माझ्यावर.

फोरमनने शब्द पाळला. म्हणाला की चौथं ताईंच्या आईकडे निघालं, गाणं त्यांचं. वस्तादाची छाप त्याने स्वतःच काढली. हे त्याला सोपं गेलं नाही. त्याच्या वस्तादाने त्याला मुलासारखं वागवलं होतं. पण बाकीच्यांची तक्रार निघाली. ढोलकीवाला म्हणाला की बाईची छाप आजवर कुणी ऐकली नाही, आणि जिला गुरू नाही तिची तर लागतच नाही. आमच्याकडे बिनगुरूच्या गाणाऱ्याला निगुरा म्हणतात, ती शिवी आहे. मी म्हटलं, दोन मोठ्या गुरूंनी ज्या पोरीचं गाणं उचललं, तिला निगुरी म्हणायची कुणाची छाती असेल त्याने आत्ता म्हणावं. म्हातारा कुक हसला आणि म्हणाला की चला, चहा मागवा.

छाप लावायची तर नाव हवं. आणि तिथे मी अडले. आईचं जे नाव आम्ही जन्मभर ऐकलं, रेशनकार्डावर, तिच्या आधारकार्डावर, ते वडिलांनी ताटात लिहिलेलं. ते लावलं तर चौथ्या कडव्याला अर्थच उरत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना गाडी बाजूला घेतली आणि तिला फोन केला. तुझं माहेरचं नाव काय, असं स्वतःच्या आईला सत्तेचाळिसाव्या वर्षी विचारताना मला लाज वाटली. मामा होते तोवर तेही तिला बाय म्हणायचे.

ती म्हणाली, कशाला? मी कारण सांगितलं. तिने सपशेल नकार दिला. लोक हसतील. मेलेल्या माणसाची अब्रू जाईल. ज्यांच्या नावाने जग तुला ओळखतं त्यांचं नाव तू खाली पाडणार का? मी म्हटलं, त्यांचं नाव मोठं आहे, पडलं तरी मोडणार नाही. तू तुझं सांग. मी फोन कानाला धरून बसले. माझ्या शेजारून ट्रक जात होते, मागून पोलिसांची गाडी येऊन थांबली, पोलिसाने काच वाजवून गाडी बंद पडली का विचारलं. मी हातानेच थांबा म्हटलं. ओमानी पोलिसाला हाताने थांबवण्याची माझी ही पहिलीच वेळ. तो खरंच थांबला. आणि आईने नाव सांगितलं, एकदाच, हळू. मग फोन ठेवून दिला.

कार्यक्रम फार्मवरच्या मोठ्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या दालनात, झाला. बाहेर ऊन आणि दमट हवा, आत एसी. दोन-अडीचशे माणसं होती. फोरमनने उभं राहून गाण्याची खरी हकिकत सांगितली. वस्तादाचं आणि माझ्या वडिलांचं नाव घेतलं आणि दोघांनीही हे गाणं एका पोरीकडून घेतलं असं स्वच्छ सांगितलं. दोन माणसं उठून गेली. एक माझ्या लांबच्या नात्यातला होता. जाताना तो माझ्या नवऱ्याला म्हणाला की बायकोला आवरा. नवऱ्याने त्याला वाटेतल्या पायरीला जपायला सांगितलं.

पहिली तीन कडवी फोरमन आणि मी मिळून गायलो, चौथं मी एकटीने. छापेत गुरू नाही. डोंगरावरचं गाव आणि तिचं जुनं नाव, एवढंच. मी ते नाव दोनदा घेतलं, दुसऱ्या वेळी फेर धरणाऱ्या सगळ्यांनी घेतलं. एकसष्ट वर्षं ते नाव कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. फेर सुटल्यावर टाळ्या पडल्या, फार नाहीत. बायकांच्या बाजूने जास्त.

मुलीने सगळं फोनवर घेतलं होतं. मी अजून घाम पुसत होते तेवढ्यात तिने ते मला न विचारता आजीला पाठवलंही. शेजारच्या पोराने आजीला दाखवलं आणि थोड्या वेळाने तिचा फोन आला. मी बाजूला गेले. ती रागावणार, रडणार, पुन्हा अब्रूचं काढणार, सगळ्याची तयारी करून मी फोन कानाला लावला. माझंही उत्तर तयार होतं.

आई म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात घाई क्येलीस. माजं गानं असं पळवायचं नाय."